सात नंबर म्हणजे दीडशे: एका चिकटपट्टीचा प्रकरण अभ्यास

आमच्या मामांच्या गोल्फच्या पिशवीत प्रत्येक क्लबच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, दांड्यावर मेडिकलमध्ये मिळते ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पट्टीवर बॉलपेनने एक आकडा, त्या क्लबने चेंडू किती यार्ड जातो त्याचा. सात नंबरच्या आयर्नवर (धातूच्या चपट्या तोंडाचा क्लब) १५०, आठवर १४०, नऊवर १३० आणि असंच खाली. घामाने पट्टी पिवळी पडली, कडा काळ्या झाल्या, पण आकडा पुसट झाला की मामा त्यावरून पुन्हा पेन फिरवतात. आकडा बरोबर आहे का, हा प्रश्न चोवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारला तो पुण्यातल्या एका मैदानावरच्या तळ्याने, गेल्या फेब्रुवारीत.

होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत चेंडू खळग्यात जावा असा, फलकावर १५० यार्ड. पहिला फटका मारायची जागा म्हणजे टी, खळग्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत म्हणजे ग्रीन; या दोन्हींच्या मध्ये पाणी. मामांनी पट्टी पाहिली, सात नंबर काढला, मारला. फटका माझ्या मते चांगला बसला होता, आवाजही छान आला. चेंडू पलीकडच्या काठाच्या चार-पाच यार्ड अलीकडे डुबुक झाला. दुसरा चेंडू, तोच क्लब, तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी जोर लावला, तेव्हा तो उजवीकडे वळून पाण्यात गेला. कॅडी पोरगा हळूच म्हणाला, "साहेब, सहा घ्या." मामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट चढेपर्यंत ते गप्प होते. घाट उतरल्यावर म्हणाले, "चेंडू जुनं झाल्यात."

मी म्हटलं, "चेंडू मागच्याच महिन्यात घेतलेत, मामा."

"मग वारा आसंल."

वारा नव्हता. झेंडा निपचित लोंबत होता, पण घाटात वाद घालणं बरं नव्हे.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मामा बासष्ट वर्षांचे. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गाव सातारा तालुक्यातलं. नावातच 'मिलिटरी' असलेलं आपशिंगे याच तालुक्यातलं, त्यामुळे घरटी फौजी असणं इकडे नवलाचं नाही. गोल्फ खेळणारा सुभेदार मात्र आमच्या पंचक्रोशीत एकच. खेळ ते शिकले निलगिरीत वेलिंग्टनला, तिथल्या मैदानाच्या देखभालीवर ड्युटी लागली होती तेव्हा. नंतर जिथे छावणी तिथे मैदान शोधून खेळत राहिले. निवृत्तीनंतर पुणं गाठायचं तर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे महिन्यातून एखादी फेरी. एरवी बांधाशेजारच्या पडीक तुकड्यावर चेंडू मारायचे आणि नातवाने गोळा करायचे.

मी स्थापत्य अभियंता. निम्मा वेळ साइटवर टोटल स्टेशन लावून जमिनी मोजण्यात जातो. गोल्फ मी मामांमुळे शिकलो आणि त्यांच्यापेक्षा वाईट खेळतो. पण मोजायचं म्हटलं की माझा हात शिवशिवतो. घरी पोचल्यावर चहा घेताना मी विषय काढला, की एकदा प्रत्येक क्लबचं अंतर नीट मोजूया.

मामा म्हणाले, "मोजणी जमिनीची करत्यात भाचेबुवा, माणसाची न्हाय. सात नंबर म्हंजी दीडशे. चोवीस वर्सं झाली."

या 'चोवीस वर्सं' मध्येच सगळी मेख होती. दीडशे हा आकडा खोटा नव्हता. तो मामांनी खरोखर मारलेला होता, फक्त दुसऱ्या मामांनी, दुसऱ्या हवेत, दुसऱ्या क्लबने. मी तो आकडा सोलून बघितला. हिशेब ढोबळ आहे, पण वाचणाऱ्याला स्वतःचा आकडा असाच सोलता येईल म्हणून पूर्ण देतो.

वेलिंग्टन सुमारे सहा हजार फूट उंच. उंचावर हवा विरळ, म्हणून चेंडूला अडथळा कमी. ढोबळ नियम असा की दर हजार फुटांमागे चेंडू एक टक्क्याहून किंचित जास्त लांब जातो. म्हणजे वेलिंग्टनला समुद्रसपाटीपेक्षा सात टक्के जास्त. साताऱ्याची उंची तेवीसशे फुटांच्या घरात, पुण्याची साडेअठराशेच्या, म्हणून इकडे दोन-अडीच टक्के. महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास, तिथे पाच टक्के धरा. तर नुसता डोंगर उतरून आल्याने दीडशेतले सातेक यार्ड गेले.

दुसरी गोष्ट, तो दीडशे चेंडू थांबला तिथवरचा होता. हवेतून गेलेलं अंतर वेगळं आणि पडल्यावर घरंगळलेलं वेगळं. पहिल्याला कॅरी म्हणतात, दुसऱ्याला रोल. सपाट कोरड्या गवतावर सात नंबरचा चेंडू आठ-दहा यार्ड सहज घरंगळतो. पण तळ्यावर चेंडू घरंगळत नाही. पाण्यावरून जायचं तर फक्त कॅरी कामाची, आणि मामांनी ती आयुष्यात कधी वेगळी धरलीच नव्हती. हे त्यांचंच नव्हे, मी पाहिलेल्या बहुतेक हौशी खेळाडूंचं आहे.

तिसरं, वय. तेव्हा अडतीस, आता बासष्ट. याचा हिशेब मी मामांसमोर मांडला नाही.

चौथी गोष्ट उलट्या दिशेची, आणि म्हणूनच घोळ वाढला. दोन वर्षांपूर्वी मामांनी एका ओळखीच्याकडून वापरलेला नवा सेट घेतला. जुन्या सेटमध्ये सात नंबरच्या तोंडाचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, ३५ अंश होता. नव्यात ३० अंश आहे. हल्ली कंपन्या क्लबचं तोंड सरळ करत आणतात आणि तळावर जुनाच नंबर छापतात. म्हणजे आजचा सात हा जवळजवळ कालचा सहा. नवा सेट हातात आला तेव्हा चेंडू दहा यार्ड लांब जायला लागला आणि मामांना वाटलं, बघा, अजून दम आहे. मूळ आकडा तोवर वीस-पंचवीस यार्डांनी घसरला होता, आणि नव्या लॉफ्टने ती घसरण निम्मी झाकून टाकली.

तरी मामा मोजायला तयार झाले ते या हिशेबाने नव्हे. ते तयार झाले साखळीने.

आमच्याकडे जमिनीच्या मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मामांना गुंठे तोंडपाठ, यार्ड म्हणजे इंग्रजी भानगड. मी सहज म्हणून गेलो की ३३ फूट म्हणजे बरोबर ११ यार्ड. ते थबकले. मग म्हणाले, "म्हंजी एका नंबराचा फरक एक साखळी?" मी हो म्हटलं. आयर्नमध्ये एका क्लबचा फरक साधारण दहा ते बारा यार्ड असावा असं मानतात, आणि साखळी अकरा यार्डांची. आठवरून सातवर गेलं की एक साखळी पुढे. हे मीही आधी कधी जुळवून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी स्वतः विचारलं, "मग रान कवा आखतूस?"

रान तयार व्हायला मार्च उजाडला. ज्वारी निघाली, नांगरट झाली, रोटावेटर फिरला. माती अशी भुसभुशीत झाली की पाय टाकला तर घोट्यापर्यंत जावा. मला तेच हवं होतं. गवताच्या मैदानावर कॅरी मोजणं कठीण, कारण चेंडू पडला कुठे आणि थांबला कुठे हे लांबून कळत नाही. मऊ रानात तो पडतो तिथेच रुततो. वाटीएवढा खड्डा पाडतो आणि त्यातच बसून राहतो. लाखो रुपयांची रडारयंत्रं जे सांगतात ते आमचं रान फुकट सांगत होतं. मारायचं मात्र बांधाशेजारच्या गवतावरून, कारण भुसभुशीत मातीतून मारलेला फटका खरा नसतो.

पट्टा वीस साखळ्या लांब, पाच साखळ्या रुंद. शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. दर साखळीला आडवी फक्की मारली. मामी बांधावर येऊन म्हणाल्या, "रानात फक्की मारून काय कबड्डी खेळताय व्हय?" मामांच्या नातवाने बांबूच्या काड्यांना लाल फडकं बांधून झेंड्या केल्या. प्रत्येक खड्ड्यात एक काडी रोवायची, काडीवर चेंडूचा क्रमांक. फटके संपले की मी टोटल स्टेशन लावायचो आणि पोरगं प्रिझमचा दांडा घेऊन काडीकाडीवर उभं राहायचं. खरं तर टेपने आणि फक्कीच्या रेघांवरून भागलं असतं. यार्डाच्या आत-बाहेरचा नेमकेपणा इथे कुणाला हवाय? पण यंत्र गाडीत होतंच.

पहिल्या सकाळी मी एक चूक केली, ती सांगून टाकतो. यंत्र उभं राहायच्या आधी उतावीळपणाने एका मित्राचा लेझर रेंजफाइंडर घेऊन गेलो होतो. त्यात सात नंबरचे फटके आले ११६, ११८, ११३. मामांचा चेहरा पडला. ते काही न बोलता क्लब पुसायला लागले. मलाही आकडे फार कमी वाटले. अर्ध्या तासाने लक्षात आलं की यंत्र मीटरवर लावलेलं होतं. ११६ मीटर म्हणजे १२७ यार्ड. ही चूक दिसते तेवढी बावळट नाही. आपल्याकडे मैदानांवरचे फलक यार्डात, शेत गुंठ्यात, बाकी आयुष्य मीटरमध्ये. दीडशे यार्ड म्हणजे १३७ मीटर, हे डोक्यात पक्कं नसलं तर तेरा आकड्यांची तफावत बिनबोभाट आत शिरते. म्हणजे जवळजवळ एका क्लबाची.

पद्धत साधी ठेवली. सकाळी साडेसहाला, वारा सुटायच्या आत. सगळे चेंडू एकाच बनावटीचे, मामा मैदानावर वापरतात तेच. सरावाच्या जागी भाड्याने मिळणारे चेंडू मुळातच कमी जाणारे असू शकतात, शिवाय मार खाऊन थकलेले असतात, त्यावर मोजलेलं अंतर पुन्हा मैदानावर फसवतं. आधी दहा फटके हात मोकळे करायला, ते मोजायचे नाहीत. मग एका क्लबचे दहा, दुसऱ्याचे दहा. तोच क्लब दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा दहा. दहा क्लब, दहा सकाळी, प्रत्येक क्लबचे वीस आकडे. एकाच दिवशी सगळं उरकायचा मोह झाला होता, पण साठी ओलांडलेल्या माणसाने सलग शंभर फटके मारले तर शेवटचे तीस हे क्लबचं अंतर नसून दमल्याचं अंतर असतं.

एका गोष्टीवरून वाद झाला. तिसरा चेंडू जमिनीला घासून फक्त ७१ यार्ड गेला. मामा म्हणाले, "ह्यो न्हाय धरायचा. ह्यो चुकला."

"मैदानावर चुकलेला धरतात ना?"

"थितं धरत्यात. हितं आपलं आपण मोजतुय."

मी तो धरला. यावर माझं मत पक्कं आहे. जो चुकलेले वगळून मोजतो तो क्लबचं अंतर मोजत नाही, आपली इच्छा मोजतो. मात्र चुकलेल्या एका फटक्याने बाकीच्यांवर अन्याय होऊ नये म्हणून सरासरी न काढता मधला आकडा घेतला. वीस आकडे लहान-मोठे लावायचे आणि दहावा-अकरावा बघायचा.

सात नंबरचं वहीचं पान जसंच्या तसं देतो:

७१, ९८, १०९, ११६, ११९, १२१, १२३, १२५, १२६, १२७, १२७, १२८, १२९, १३०, १३१, १३२, १३३, १३४, १३७, १४३.

मधला आकडा १२७, सरासरी १२३. त्या घासलेल्या फटक्याने आणि त्याच्या दोन भावंडांनी सरासरी चार यार्डांनी खाली ओढली. पण मामा बघत होते ते शेवटच्या आकड्याकडे. वीसपैकी सर्वोत्तम १४३. जन्मात लागावा तसा लागलेला तो एक फटकासुद्धा हवेतून दीडशे गेला नव्हता. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून पुन्हा एकदा बोट फिरवत आकडे मोजले, वीसच आहेत ना ते पाहिलं, आणि परत दिली.

"साडेअकरा साखळ्या," एवढंच म्हणाले.

पुण्याचं तळं पार करायला कॅरी १३२ लागत होती. वहीच्या पानावर १३२ किंवा जास्त गेलेले चेंडू पाच. वीसात पाच, म्हणजे चारात एक. तीनही चेंडू पाण्यात जाण्याची शक्यता निघते ४२ टक्के. त्या दिवशी मामांचं नशीब वाईट नव्हतं, अगदी मध्यम होतं. चेंडू जुने नव्हते आणि वाराही नव्हता. उलट तिसऱ्या चेंडूला त्यांनी जोर लावला तेव्हा चारात एक होती ती शक्यताही घालवली.

मामांना थोडं बरं वाटावं म्हणून मी ट्रॅकमन या रडारवाल्यांनी व्यावसायिक खेळाडूंचे जे तक्ते प्रसिद्ध केले होते त्यातले आकडे सांगितले. अमेरिकेच्या पुरुषांच्या दौऱ्यावर सात नंबरची सरासरी कॅरी १७२ यार्ड, महिलांच्या दौऱ्यावर १४१. टीव्हीवर आपण १७२ वाले बघतो आणि नकळत आपलं माप त्यांच्याजवळ नेऊन ठेवतो. मामा म्हणाले, "म्हंजी त्या पोरी येकशेएक्केचाळीस?" मी म्हटलं, हो, आणि त्या जगातल्या सर्वोत्तम आहेत. त्यांनी मान डोलावली. बरं वाटलं की नाही ते कळलं नाही.

सात नंबरचं प्रकरण इथेच मिटलं असतं, पण बाकीच्या क्लबांनी जे दाखवलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ड्रायव्हर आणि वुड लांब पल्ल्याचे, हायब्रिड हा वुड आणि आयर्न यांच्या मधला, वेज जवळच्या फटक्यांचे. मधले आकडे असे आले: ड्रायव्हर १७८, तीन नंबरचा वुड १६०, चार नंबरचा हायब्रिड १४८, पाच १३८, सहा १३५, सात १२७, आठ ११७, नऊ १०६, पिचिंग वेज ९५, सँड वेज ६६.

सातपासून पिचिंग वेजपर्यंत पायऱ्या बघा, दहा, अकरा, अकरा. साखळी-साखळी. जिन्यासारखं. आणि त्या जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे गडबड.

वर पाच आणि सहा यांच्यात तीन यार्ड. म्हणजे एकाच कामाला दोन गडी. कारण सांगता येतं. पाच नंबरचं तोंड इतकं सरळ असतं की चेंडू उंच जाऊन तरंगावा यासाठी फटक्याला वेग लागतो. वेग कमी पडला की चेंडू बुटका उडतो आणि लवकर खाली येतो. तरुण हातात पाच नंबर सहापेक्षा पायरीभर पुढे जातो, उतरत्या वयात या पायऱ्या एकमेकींत मिसळतात. मामांच्या पाच नंबरच्या वीसपैकी सहा चेंडू १२० च्याही आत पडले, पण एक १५८ गेला. त्या एकावर त्यांचा जीव. हायब्रिडचं तळ रुंद, वजन खाली आणि मागे, त्यामुळे तो तेवढ्याच वेगात चेंडू वर उचलतो. मी सुचवलं, पाच नंबर घरी ठेवा. मामा म्हणाले, बघू. 'बघू' चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

खालची गडबड खरी महाग होती आणि तिच्याकडे आमचं दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं. पिचिंग वेज ९५, सँड वेज ६६. मध्ये २९ यार्ड, अडीच साखळ्यांहून जास्त, आणि तिथे क्लबच नाही. हेही नव्या सेटचंच देणं. जुन्या सेटमध्ये पिचिंग वेजचा लॉफ्ट पन्नाशीजवळ असायचा आणि सँड वेज ५६. फरक सहा-सात अंशांचा. नव्या सेटने सात नंबर सरळ केला तसा पिचिंग वेजही ४४ अंशांवर आणला, सँड वेज मात्र मामांचा जुनाच, ५६ चा. बारा अंशांची दरी. पार चारच्या होलवर मामांचा दुसरा फटका बऱ्याचदा ग्रीनच्या अलीकडे पडतो आणि तिसऱ्याला उरतात सत्तर ते नव्वद यार्ड. बरोबर त्या दरीत. मग ते पिचिंग वेज अर्धा मारतात, तो कधी सत्तर जातो कधी शंभर. फेरीत असे पाच-सहा फटके येतात. तळ्यात बुडालेले तीन चेंडू डोळ्यांना दिसले म्हणून त्याचा गाजावाजा झाला, ही गळती वर्षानुवर्षं नळाच्या थेंबासारखी चालू होती.

नियमाप्रमाणे पिशवीत चौदा क्लब चालतात. ग्रीनवर चेंडू हळूच ढकलायचा पटर धरून मामांचे अकरा, म्हणजे जागेचा प्रश्न नव्हता. ५० अंशांचा एक वेज घ्यायचा एवढंच ठरलं.

एक-दोन बारीक निरीक्षणं राहिली. चेंडू उजवी-डावीकडे गेला तर अंतर सरळ रेषेत धरायचं की चेंडूच्या वाटेवर, असा प्रश्न नातवाने काढला. पोरगं हुशार आहे. १२७ यार्डांवर चेंडू पंधरा यार्ड आडवा गेला तरी तिरपी लांबी यार्डभरानेही वाढत नाही, म्हणून ते सोडून दिलं. दोन सकाळी उशीर होऊन ऊन चढलं होतं, त्या दिवशी सात नंबर दोन-तीन यार्ड जास्त जातोय असं वाटलं. गरम हवा हलकी, ते बरोबरच आहे, पण वीस चेंडूंवरून एवढा बारीक फरक खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा मी तो वहीत समासात लिहून ठेवला. आणि रेंजफाइंडर स्पर्धेत चालतो का, तर चालतो. २०१९ पासूनच्या नियमांत अंतर मोजायला मुभा आहे, स्थानिक नियमाने मनाई केली नसेल तर. चढ-उतार मोजणारी सोय मात्र बंद ठेवावी लागते.

एप्रिलच्या मध्यावर मामांनी नव्या पट्ट्या गुंडाळल्या. मी शेजारी बसून आकडे वाचत होतो, ते लिहीत होते. प्रत्येक पट्टीवर दोन आकडे, वर मधला, खाली छोट्या अक्षरात 'वीसातले पंधरा' याच्या पलीकडे जातात तो. ही कल्पना त्यांचीच. फौजी माणूस, पल्ला आणि भरवशाचा पल्ला वेगळा असतो हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. सात नंबरवर वर १२७, खाली १२१. सात नंबरची जुनी पट्टी मात्र त्यांनी काढली नाही. नवी पट्टी तिच्यावरूनच गुंडाळली. दीडशे अजून आत आहे.

मे महिन्यात पुण्याला दोनदा गेलो. पहिल्या वेळी त्याच तळ्यावर मामांनी पट्टी बघून हायब्रिड काढला. झेंडा १४७ वर. हायब्रिडच्या वीसपैकी सोळा चेंडू १३२ च्या पुढे गेले होते. चेंडू पाण्यावरून, काठावरून, ग्रीनवरूनही गेला आणि मागच्या झुडपात घुसला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उन्हाळ्यात कडक झालेल्या ग्रीनवर चेंडू पडल्यावर किती पळेल ते आमच्या भुसभुशीत रानाने सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी त्यांनी सहा घेतला, चेंडू काठाला लागून ग्रीनच्या अलीकडच्या गवतात थांबला. कोरडा. फेब्रुवारीत त्यांच्या फेरीचे १०४ फटके झाले होते, मे मध्ये १०१ आणि १०३. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच आधी सांगतो. दोन फेऱ्यांत तेवढं वर-खाली कुणाचंही होतं. पाण्यात गेलेले चेंडू मात्र दोन्ही फेऱ्यांत मिळून एक.

५० अंशांचा वेज शोधायला वेळ लागला. वापरलेला, बऱ्या अवस्थेतला, मामांच्या बजेटमध्ये बसणारा मिळाला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. तोवर वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. मामा रानात पेरणीच्या गडबडीत. मी नवा क्लब घेऊन बांधावर गेलो आणि सांगितलं की याचा आकडा काढायला मोजायची गरज नाही. ४४ अंशांना ९५, ५६ अंशांना ६६, बारा अंशांत २९ यार्ड, म्हणजे मध्यावर ८०. पट्टी लावा आणि ऐंशी लिहा.

मामांनी क्लब हातात घेऊन तोलला, दोनदा हवेत फिरवला, तळावरची नसलेली माती अंगठ्याने पुसली.

"मोजलाय?"

"हिशेब केलाय."

"मग न्हाय ल्याहायचा."

पट्टी त्यांनी त्याच संध्याकाळी गुंडाळली, कोरी. त्या अडीच एकरात आता सोयाबीन गुडघ्याला आलंय. काढणी दसऱ्याच्या पुढे-मागे होईल. फक्कीचं पोतं मामांनी गोठ्यात उंचावर ठेवलंय, ओल लागू नये म्हणून.